तांबड्या रंगाची चूक

माझ्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून, एक दगड असतो. मुठीत मावेल एवढा. बाहेरून काळा, भोकाभोकांचा; पण एका बाजूनं फुटलेला, आणि त्या फुटक्या जागेत बाटलीच्या काचेचा चुरा दाबून बसवावा तसे पोपटी-हिरवे दाणे. उजेडाकडे धरला की चमकतात. वजनाला दिसतो त्याहून बराच भारी.

भूशास्त्र शिकलेल्या एका मित्रानं तो मला दिला. ज्वालामुखीच्या कुठल्याशा बेटावरून आणला होता. देताना म्हणाला, "सांभाळून ठेव. प्रावरण आहे."

"काहीतरीच," मी म्हणाले. "प्रावरण तांबडं असतं."

"कुणी सांगितलं?"

उत्तर होतं, पण सांगायची लाज वाटली. शाळेच्या पुस्तकातली ती आकृती. फळाची फोड काढावी तशी कापलेली पृथ्वी. भूकवचाची तपकिरी रेघ, मग रुंदच रुंद तांबडं प्रावरण, केशरी बाह्य गाभा, आणि मध्यभागी पिवळाधमक आंतर गाभा. सियाल, सायमा, निफे ही थरांची नावं तर मंत्रासारखी पाठ होती. प्रावरणाचा पट्टा मोठा, त्यामुळे खोक्यातली तांबडी पेन्सिल नेहमी सगळ्यांत आधी संपायची. मी ती इतकी दाबून गिरवायचे की पानाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर उंचवटे लागत. आणि त्या रंगाबरोबर एक समजूतही मनात कायमची गिरवली गेली: खाली सगळा उकळता रस आहे आणि आपण त्यावरच्या सायीवर उभे आहोत.

मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुकांवर तांबड्या शाईनं खुणा करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. इतक्या वर्षांत स्वतःच्या डोक्यातली एवढी ढोबळ चूक कशी सुटली याचा मला रागच आला.

मित्रानं समजावलं ते असं. दगडाचा काळा भाग म्हणजे बेसाल्ट, गोठलेला लाव्हा. हिरवा भाग लाव्ह्याचा नव्हेच. तो त्याच्याबरोबर आलेला प्रवासी. लाव्हा वर चढताना वाटेतल्या खडकाचे तुकडे उचलून आणतो, आणि हा तुकडा चाळीस-पन्नास किलोमीटर खोलीवरचा, भूकवचाच्याही खालचा. खडकाचं नाव पेरिडोटाइट, हिरव्या दाण्यांचं ऑलिव्हिन. मला सगळ्यांत आवडली ती पुढची गोष्ट. हा खडक लाव्ह्यापेक्षा जड असतो. म्हणजे लाव्हा रमतगमत वर आला असता तर दगड वाटेतच बुडाला असता. तो वर पोचला याचा अर्थ प्रवास घाईत झाला, काही तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत. कोट्यवधी वर्षं खाली पडून राहिलेली वस्तू एकदम गाडी पकडून आली.

आणि खाली उकळता रस नाहीच. प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. ठणठणीत दगड. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग त्याचाच. ते वितळतं फक्त काही ठिकाणी आणि तेही थोडं थोडं: जिथे खडक वर येऊन त्याच्यावरचा दाब कमी होतो, किंवा जिथे बुडणाऱ्या समुद्रतळाबरोबर पाणी आत शिरून खडकाचा वितळणबिंदू खाली आणतं. ज्वालामुखी त्या थोड्याशा पाझराचे असतात. आपण पाझर पाहिला आणि खाली तळं असेल असं धरून चाललो.

पण मग कुणी पाहिलं का आत जाऊन? नाही. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक भोक पाडायला सुरुवात झाली. जेमतेम वीतभर रुंदीचं. १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरपर्यंत पोचलं. तिथे अपेक्षेपेक्षा फारच उष्णता निघाली, सुमारे १८० अंश सेल्सिअस, आणि खडक इतका मऊ वागू लागला की पुढे जाणं जमेना. आता त्या भोकावर गंजकं लोखंडी झाकण आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. माझ्या भाषेत सांगायचं तर, पाचशे पानांच्या पुस्तकातलं आपण पहिलं पानसुद्धा पुरतं वाचलेलं नाही. प्रावरण तर दूरच, भूकवचही ओलांडलं नाही.

बाकीची चारशे नव्व्याण्णव पानं आपण ऐकून वाचली आहेत.

भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि जगभरच्या भूकंपमापकांवर उमटतात. प्राथमिक लहरी दाबत-ताणत जातात आणि त्या द्रवातूनही जातात. दुय्यम लहरी आडव्या हिसक्यांनी जातात. द्रवाला आडवा हिसका पोचवता येत नाही, म्हणून तिथे त्या थांबतात. एवढ्या दोन गोष्टींवर सगळा डोलारा उभा आहे. १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅमनं या लहरी नोंदींत वेगवेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे याचा पुरावा त्यांच्यातूनच काढला. १९०९ मध्ये झाग्रेबजवळच्या एका भूकंपावरून मोहोरोव्हिचिचला भूकवचाचा तळ सापडला. त्यालाच आपण पुस्तकात 'मोहो विलगता' म्हणून घोकतो, मागे एक माणूस होता हे न कळता. गटेनबर्गनं गाभ्याची खोली काढली, सुमारे २,९०० किलोमीटर. १९२६ मध्ये जेफ्रीजनं तो द्रव असल्याचं दाखवलं. म्हणजे द्रव आहे, पण पुष्कळ खाली, आणि तो खडकाचा नाही, लोखंडाचा. त्याच्याच खळबळीतून पृथ्वीचं चुंबकत्व येतं.

इंगे लेमानपाशी मात्र मला थांबायचं आहे.

ही डॅनिश बाई कोपनहेगनमध्ये भूकंपाच्या नोंदी सांभाळायची. १९२९ मध्ये न्यूझीलंडला मोठा भूकंप झाला. त्याच्या लहरी गाभ्यात शिरताना वाकतात, त्यामुळे पृथ्वीच्या पलीकडच्या एका पट्ट्यात थेट लहरी पोचायला नकोत. त्याला छायापट्टा म्हणतात. पण काही नोंदींत त्या छायेतही पुसट खुणा होत्या. अशा खुणा इतरांनीही पाहिल्या होत्या आणि त्यांचं काही ना काही स्पष्टीकरण देऊन बाजूला सारल्या होत्या. लेमाननं सारल्या नाहीत. तिच्या एका नातलगानं पुढे आठवण सांगितली आहे: ती बागेत मोठ्या टेबलाशी बसलेली, समोर ओटची रिकामी पुठ्ठ्याची खोकी, आणि खोक्यांत जगभरच्या भूकंपांच्या, लहरी कुठे किती वाजता पोचल्या त्याच्या चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्यांतून तिनं १९३६ मध्ये मांडलं की गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि त्या खुणा त्याच्यामुळे उमटतात. तिच्या निबंधाचं नाव इंग्रजी 'पी' हे अक्षर आणि त्यावर एक छोटी तिरकी खूण, एवढंच. निबंधाला याहून आटोपशीर मथळा माझ्या तरी पाहण्यात नाही.

मला वाटतं, ती मुद्रितशोधक होती. आमच्या कामात हेच असतं. अक्षराशेजारचा ठिपका हा अनुस्वार आहे की कागदाचा डाग, हे ठरवायचं. शंभरांतले नव्व्याण्णव ठिपके डागच असतात, म्हणून शंभरावाही डाग समजायचा मोह होतो. लेमानच्या त्या ठिपक्यात सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा लोखंडाचा गोळा होता. तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाशी स्पर्धा करणारं, तरीही तो घन, कारण वरचा दाब वातावरणाच्या तीस-पस्तीस लाख पट. ती १०४ वर्षं जगली. एवढं आयुष्य मिळालं तर मीही चिठ्ठ्या लावत बसेन.

आता खरी गोम. प्रावरण घन आहे, कारण दुय्यम लहरी त्यातून सुखानं जातात. आणि प्रावरण वाहतं. दोन्ही खरं. मित्रानं हे सांगितलं तेव्हा मी दगड टेबलावर आपटून दाखवला. तो म्हणाला, "तू घाई करतेस."

स्कँडिनेव्हियावर हिमयुगात किलोमीटरांनी जाड बर्फ होतं. ओझ्याखाली जमीन दबली, खालचा खडक बाजूला सरकला. ते बर्फ वितळून जवळजवळ दहा हजार वर्षं झाली, आणि बॉथनियाच्या आखाताकाठची जमीन अजून वर येते आहे, काही ठिकाणी वर्षाला ९ मिलिमीटरच्या आसपास. गादीवरून माणूस उठल्यावर गादी फुगत राहावी तशी. खालचा दगड हळूहळू परत येतो आहे. भूकंपाची लहर त्याला एका सेकंदात विचारते, तेव्हा तो म्हणतो मी घन. दहा हजार वर्षं थांबून विचारलं तर म्हणतो मी पातळ. 'घन' हा शब्द आपण पदार्थाचा गुण म्हणून वापरतो. त्यात विचारणाऱ्याच्या सवडीचा हिस्सा किती असतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

हे न मानल्यानं एका थोर माणसाची फसगत झाली. लॉर्ड केल्व्हिन या भौतिकशास्त्रज्ञानं १८६२ मध्ये पृथ्वीचं वय काढलं. सुरुवातीला ती तापलेली होती, मग निवत गेली. आज खाणीत उतरताना उष्णता किती वाढते ते मोजा, म्हणजे निवायला किती काळ लागला ते कळेल. उत्तर आलं दोन ते चाळीस कोटी वर्षं, आणि पुढे तो ते आणखी कमी करत गेला. भूशास्त्रज्ञ कुरकुरले, पण केल्व्हिनच्या गणितापुढे बोलणार कोण? खडकांना आतून उष्णता पुरवणारा किरणोत्सर्ग त्याला माहीत नव्हता म्हणून तो चुकला, असं सगळीकडे सांगतात. ते अर्धवट आहे. १८९५ मध्ये त्याचाच जुना सहायक जॉन पेरी म्हणाला होता की तुमचं गणित बरोबर आहे, गृहीतक चूक आहे. पृथ्वीचा अंतर्भाग निव्वळ घट्ट गोळा नसून आत उष्णता वाहून नेणारी हालचाल असेल, तर वय अब्जावधी वर्षांत जाईल. केल्व्हिन बधला नाही. पृथ्वीचं वय आज साडेचार अब्ज वर्षांहून थोडं अधिक मानतात. पण मला वयापेक्षा दुसरीच चुटपुट लागते: पेरीचं त्याच वेळी ऐकलं असतं, तर पुढच्या पिढीत वेगेनरला "खंड सरकतील कसे? खाली तर दगड आहे!" असं कुणी विचारलं नसतं.

आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होता. त्यानं १९१२ मध्ये खंड पूर्वी जोडलेले होते असं मांडलं. किनारे जुळतात एवढ्यावर नव्हे. जीवाश्म जुळतात, डोंगररांगा जुळतात, हिमनद्यांचे ओरखडे जुळतात. फाटलेल्या वर्तमानपत्राच्या कडा जुळाव्यात आणि वर छापलेल्या ओळीही जुळाव्यात, हा त्याचाच दाखला. ढकलणारं बळ मात्र त्याला सांगता आलं नाही, आणि त्यानं दिलेला ग्रीनलंडचा वेग खऱ्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त होता. लोकांनी चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून जुळलेल्या ओळी वाचायचं टाळलं. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फावर मोहिमेत वारला, पन्नाशीचा. तिथेच बर्फात त्याला पुरलं. ग्रीनलंड युरोपापासून वर्षाला दोनेक सेंटिमीटर दूर जातं, म्हणजे तो स्वतः आतापर्यंत दोनेक मीटर पश्चिमेला गेला असेल.

उत्तर समुद्राच्या तळाशी होतं. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या एका वेधशाळेत मेरी थार्प अटलांटिकच्या खोलीचे आकडे घेऊन नकाशा काढत होती. आकडे गोळा करायला बोटीवर जायची तिला, बाई म्हणून, तेव्हा मुभा नव्हती. समुद्राच्या मधोमध डोंगररांग आहे हे ठाऊक होतं. तिला त्या रांगेच्या माथ्यावर सलग घळ दिसली, खचदरी. म्हणजे तिथे तळ दुभंगतो आहे. सहकारी ब्रूस हीझननं आधी ते 'बायकी गप्पा' म्हणून उडवलं. मग भूकंपांच्या जागा दुसऱ्या एका नकाशावर मांडल्या तर त्या नेमक्या त्या घळीवरून गेल्या. पुढची गोष्ट भराभर घडली: तिथे नवा तळ तयार होतो, दोन्हीकडे सरकतो, गोठताना त्या वेळच्या चुंबकीय दिशेची नोंद अंगावर घेतो, १९६० चं दशक संपेपर्यंत भूपट्टांचं चित्र उभं राहिलं.

इथेही माझी शाळेतली कल्पना दुरुस्त करावी लागली. मला वाटे, खालचा रस उकळतो आणि वरचे तुकडे त्यावर वाहत जातात. खरं तर भूपट्ट म्हणजे भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठ भाग, मिळून शंभरेक किलोमीटर जाड. आणि ते नुसते वाहून नेले जात नाहीत, बरेचसे स्वतःच्या वजनानं ओढले जातात. समुद्राचा तळ जुना झाला की थंड आणि जड होतो, गर्तेत वाकून खाली बुडू लागतो आणि मागचा भाग ओढून नेतो. पलंगावरून रजई एका कडेनं घसरायला लागली की तिचं लोंबतं टोकच उरलेली रजई खाली खेचतं, तसं. म्हणूनच समुद्राचा तळ कुठेही फारसा वीस कोटी वर्षांपलीकडचा सापडत नाही. खंडांवर चार अब्ज वर्षांचे खडक आहेत. बुडालेले तळ नाहीसे होत नाहीत. भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाचे थंड तुकडे भारताच्या खाली प्रावरणात खोलवर अजून लहरींना सापडतात. समुद्र मिटला, आणि त्याच्या गाळाचे खडक शंख-शिंपल्यांसकट हिमालयात चढले. एव्हरेस्टचा माथा समुद्रात साठलेल्या चुनखडीचा आहे.

पृथ्वीच्या संस्कृत नावांत 'अचला' आहे, 'स्थिरा' आहे. कायद्याच्या मराठीत जमीन 'स्थावर' आणि बाकीचं 'जंगम'. या शब्दांवर खूण करायची वेळ ऑस्ट्रेलियावर खरोखरच आली. तो खंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर उत्तर-ईशान्येकडे जातो. तिथले अधिकृत अक्षांश-रेखांश १९९४ च्या स्थितीला बांधलेले होते. उपग्रहावरून जागा दाखवणारी यंत्रं अचूक होत गेली, आणि नकाशा व जमीन यांच्यात जवळजवळ १.८ मीटरचा फरक पडलेला दिसू लागला. मग २०१७ मध्ये त्यांनी २०२० ची स्थिती धरून नवे आकडे लागू केले. अख्ख्या खंडाचं शुद्धिपत्र! माझ्या धंद्यात याहून मोठं शुद्धिपत्र निघालेलं नाही, आणि चूक तर कुणाचीच नव्हती.

एक गोष्ट मात्र टोचत राहते. हे सगळं वाचन आपण ज्या शाईत केलं ती भूकंपाची आहे. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, मोजला गेलेला सर्वांत मोठा. त्यानंतर सगळी पृथ्वी घंटेसारखी घुमली. तिच्या सर्वांत खालच्या सुराचं एक आवर्तन ५४ मिनिटांचं. अंतर्भागाची रचना ठरवायला तो घुमार अमोल ठरला. त्याच रात्री-दिवसांत किनाऱ्यावरच्या वस्त्या लाटांनी धुऊन नेल्या, आणि लाट पॅसिफिक ओलांडून हवाई व जपानपर्यंत माणसं मारत गेली. ओल्डहॅमचं आसाम, लेमानचं न्यूझीलंड, तसंच. आकृतीतल्या प्रत्येक रेघेमागे कुणाचं तरी घर पडलेलं आहे. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही, आणि मला याचं काही करता येत नाही. पण ती आकृती मला आता नुसती रंगीत दिसत नाही.

गेल्या वर्षी मुलांसाठीच्या एका भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे आली. तीच फोड, तेच तांबडं प्रावरण, आणि खाली ओळ: 'प्रावरण – वितळलेला खडक'. मी दुप्पट उत्साहानं खूण केली: रंग हिरवा करावा. प्रकाशकांकडून उत्तर आलं, मुलांना तापलेलं कळायला हवं, रंग तोच ठेवू. मी चिडून मित्राला फोन लावला.

तो म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे."

"तूच तर हिरवा म्हणालास!"

"थंड झाल्यावर. तिथे हजार-दीड हजार अंश तापमान आहे. तिथपर्यंत डोळा नेता आला, तर तोच दगड तापल्या लोखंडासारखा केशरी-पिवळा झळकताना दिसेल. चूक रंगात नाही, 'वितळलेला' या शब्दात आहे."

म्हणजे शाळेतली पेन्सिल फार चुकली नव्हती. चुकला होता तो मनातला रस. मी माझी खूण खोडली, तिच्याखाली 'आहे तसं ठेवा' म्हणून ठिपके दिले, आणि ओळीत 'वितळलेला' काढून 'तापलेला, घन' केलं. ते छापलं गेलं का हे ठाऊक नाही. पुस्तक अजून हाती आलेलं नाही.

परवा टेबल आवरताना दगड हातात घेतला. फुटक्या जागेच्या कडेचे दाणे आता हिरवे नाहीत. गंजल्यासारखे, तपकिरी-तांबूस झालेत. ऑलिव्हिनमध्ये लोखंड असतं, आणि पाणी-हवेच्या सहवासात ते फार टिकत नाही. मित्रानं देतानाच बजावलं होतं, कोरडा ठेव. कडा आधीपासूनच तशा होत्या की माझ्याकडे आल्यावर झाल्या, आठवेना. खिडकीतून पावसाचे शिंतोडे टेबलापर्यंत येत होते. मी दगड थोडा आत सरकवला.